मॅनर, हॉल आणि स्कूल : हर्टफर्डशायर परगण्यातील दोन संस्थांचा अर्थविचार

इंग्लंडच्या इतिहासावरील ग्रंथ वाचताना आपल्याकडील विद्यार्थी 'मॅनर' या शब्दापाशी आला म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एक इमारत उभी राहते : दगडी भिंती, उंच धुराडी, पुढे हिरवळ आणि मागे राखीव रान. भाषांतर करताना तो 'वाडा' किंवा 'गढी' असा शब्द योजतो व पुढे जातो. 'स्कूल' या शब्दापाशी तर थांबण्याचेही कारण त्याला वाटत नाही. 'शाळा' हा प्रतिशब्द हाताशी तयारच असतो. हे प्रतिशब्द सर्वस्वी चुकीचे आहेत असे नाही. पण ते शब्दांच्या उत्तरकालीन अर्थाचे आहेत. मॅनर हा मुळात जमिनीवरील व माणसांवरील हक्कांचा समुच्चय होता, आणि स्कूल ही मुळात कोणाच्या तरी देणगीवर चालणारी अध्यापनाची योजना होती. दोन्ही शब्दांचा अर्थ विटादगडांत येऊन स्थिरावला तो पुष्कळ नंतर. हे अर्थांतर कसे घडले ते लंडनच्या उत्तरेस लागून असलेल्या हर्टफर्डशायर या परगण्याच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हाच परगणा निवडण्याची कारणे दोन आहेत. एक तर राजधानीच्या सान्निध्यामुळे येथे मठ, सरदार आणि व्यापारी या तिघांच्याही हाती मॅनर आले आणि तिघांनीही शाळांना हात दिला. दुसरे कारण आपल्याला अधिक जवळचे आहे. याच परगण्यातील एका विद्यालयात शिकविल्या गेलेल्या जमीनविषयक सिद्धान्ताचा प्रत्यक्ष फटका पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांना बसला. शब्दाचा अर्थ नीट न लावल्याने काय होऊ शकते याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१. 'मॅनर' : राहणे आणि हक्क

'मॅनर' हा शब्द लॅटिन 'मानेरे' (राहणे, मुक्काम करणे) या क्रियापदापासून जुन्या फ्रेंच भाषेमार्गे नॉर्मन विजेत्यांबरोबर इंग्लंडात आला. 'मॅन्शन' हा शब्दही त्याच कुळातला. फारसीतील 'मांदन' (राहणे) हे क्रियापदही याच इंडो-युरोपीय मुळाशी जोडले जाते. व्युत्पत्तीने पाहता 'राहण्याचे ठिकाण' एवढाच त्याचा अर्थ. परंतु पहिल्या विल्यम राजाने १०८६ मध्ये करविलेल्या जमीनपाहणीत, म्हणजे 'डूम्सडे बुका'त, तो 'मानेरियुम' या लॅटिन रूपाने येतो तेव्हा त्याचा अर्थ घर असा राहिलेला नाही. तेथे ते आकारणीचे एकक आहे. नांगर किती, कुळे किती, गिरण्या किती, कुरण व रान किती, पूर्वीचे उत्पन्न काय व आताचे काय, हे प्रत्येक मॅनरपुढे नोंदविलेले आहे. धनी तेथे राहतो की नाही हा प्रश्न गौण होता. सेंट अल्बन्सच्या मठासारख्या एकाच धन्याकडे अनेक मॅनर असत आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी धन्याचे वास्तव्य कधीच नसे.

अशा मॅनरमध्ये काही जमीन धनी स्वतःकडे खाजगी शेती म्हणून राखी. काही जमीन स्वतंत्र कुळांकडे असे. उरलेली जमीन बद्ध कुळे कसत आणि तिच्याबद्दल धन्याच्या शेतावर ठरावीक दिवस राबत. धन्याची स्वतःची न्यायसभा असे. कुळाच्या मृत्यूनंतर त्याचे उत्तम जनावर धन्याने घ्यावे, मुलीच्या विवाहासाठी कुळाने दंड भरावा, धान्य धन्याच्याच गिरणीत दळावे, असे नाना हक्क या सभेत बजावले जात व त्यांचे दफ्तर ठेवले जाई. पुढील काळात या दफ्तरातील नोंदीची नक्कल हाच कुळाचा जमिनीवरील हक्काचा पुरावा ठरला. 'कॉपीहोल्ड' ही संज्ञा त्यावरूनच निघाली.

मराठीच्या अभ्यासकाला येथे 'वतन' हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. अरबीत या शब्दाच्या मुळाशी 'वास्तव्य करणे' हाच अर्थ आहे. मराठीत आल्यावर त्याला वंशपरंपरागत अधिकार, त्याबद्दलची जमीन आणि मानपान असा अर्थ प्राप्त झाला. 'राहणे' या अर्थाच्या दोन भिन्न कुळांतील धातूंपासून निघालेले दोन शब्द परस्परांशी काहीही संबंध नसताना 'हक्क' या अर्थापाशी येऊन पोहोचले, हे अर्थविज्ञानाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. वतन आणि मॅनर या संस्था एकरूप नव्हत्या, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. वतनदार हा गावगाड्यातील अधिकारी होता, तर मॅनरचा धनी हा जमिनीचाच स्वामी मानला जाई. तथापि मध्ययुगीन लेखातील 'मॅनर' समजून घ्यावयाचा असेल तर 'वाडा' या शब्दापेक्षा 'वतन' या शब्दाची दिशा अधिक योग्य होय.

२. 'बरी' : एका प्रत्ययाची साक्ष

हर्टफर्डशायरच्या स्थलनामांत या अर्थांतराची एक स्वतंत्र साक्ष उपलब्ध आहे. जुन्या इंग्रजीत 'बुर्ह' म्हणजे तटबंदीचे ठिकाण. या शब्दाच्या चतुर्थीच्या रूपापासून 'बरी' हा उत्तरपदी येणारा घटक बनला. इंग्लंडच्या इतर भागांत त्याचा अर्थ सामान्यतः किल्ला किंवा नगर असा होतो. या परगण्यात मात्र 'बरी' म्हणजे मॅनरचे मुख्य ठाणे असा विशेष अर्थ रूढ झाला. गोरॅमबरी हे नाव बाराव्या शतकातील सेंट अल्बन्सचा मठाधिपती जॉफ्री द गोरॅम याच्या घराण्यावरून पडले. वॉटफर्डजवळील कॅसिओबरी येथील प्रासाद १९२७ मध्ये पाडला गेला, पण नाव उद्यानाला चिकटून राहिले. हेली येथील ठाणे ते हेलीबरी. त्याचा प्रसंग पुढे येणारच आहे.

तटबंदीपासून ठाण्याकडे, ठाण्यापासून घराकडे आणि घरापासून केवळ नावाकडे असा हा प्रवास आहे. आपल्याकडे 'वाडा' या शब्दाचाही अर्थविस्तार असाच पाहावयास मिळतो. संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा, यापासून निघालेला हा शब्द गुरांच्या गोठ्यापासून सरदाराच्या प्रासादापर्यंत आणि वस्तीच्या भागापर्यंत सर्वत्र वापरला जातो.

३. मठाचे जाते आणि मठाची शाळा

मॅनर आणि शाळा यांचा संबंध केवळ शेजाराचा नव्हता. बद्ध कुळाला आपला मुलगा शाळेत घालावयाचा असेल तर अनेक मॅनरांत धन्याची अनुमती घ्यावी लागे व तिच्यासाठी दंड भरावा लागे. कारण उघड होते. शिकलेला मुलगा धर्मसेवेत जाई आणि धन्याच्या शेतावरील दोन हात कमी होत. सर्व दर्जांच्या स्त्रीपुरुषांना आपले मुलगे वा मुली कोणत्याही शाळेत घालण्याची मोकळीक १४०६ च्या कायद्याने स्पष्टपणे दिली. म्हणजे शाळेचा इतिहास हा प्रथमपासूनच मॅनरच्या हक्कांच्या इतिहासाचा एक भाग आहे.

सेंट अल्बन्स येथे हे दोन्ही हक्क एकाच धन्याच्या, म्हणजे मठाच्या हाती होते. येथील शाळा आपली स्थापना परंपरेने ९४८ पासून मानते. याच मठाने आपल्या कुळांना घरी जाते ठेवण्याची मनाई केली होती. दळण मठाच्या गिरणीतच गेले पाहिजे असा दंडक होता. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने घरोघरची जाती जप्त करून त्यांची तळी आपल्या बैठकीच्या फरशीत बसविली. हा मठाधिपती सामान्य मनुष्य नव्हता. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला थोर गणिती आणि खगोलदर्शक घड्याळाचा रचनाकार म्हणून त्याची ख्याती आहे. विद्या आणि वेठ यांचे हे साहचर्य ध्यानात घेण्याजोगे आहे. १३८१ च्या शेतकरी उठावात नगरवासी मठात शिरले, त्यांनी ती फरशी उखडली व जात्यांचे तुकडे आपसांत वाटून घेतले. त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब याचे शिक्षण मठातच झाले होते असे मठाच्या इतिवृत्तकाराने खेदाने नोंदविले आहे. ग्रिंडकॉबला त्याच वर्षी फाशी देण्यात आले. मॅनर म्हणजे काय, हे त्या उखडलेल्या फरशीवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही प्रासादाच्या वर्णनावरून होत नाही.

४. मठांच्या विसर्जनानंतर

आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा १५३९ मध्ये सेंट अल्बन्सचा मठही गेला. त्याच्या जमिनी नव्या धन्यांकडे गेल्या आणि शाळेला नवा आधार शोधावा लागला. चर्चच्या पूर्वेकडील लेडी चॅपेलमध्ये ती भरू लागली. चर्च आणि हा वर्ग यांच्यामधून चक्क सार्वजनिक रस्ता काढण्यात आला. १८७१ पर्यंत शाळा तेथेच होती. त्यानंतर ती मठाच्या जुन्या महाद्वारात गेली. ते द्वार मध्यंतरी तुरुंग म्हणून वापरले जात होते.

या शाळेचा योगक्षेम कसा चालला हे पाहिले म्हणजे 'स्कूल' या शब्दाचा तत्कालीन अर्थ उलगडतो. एलिझाबेथ राणीचा मुद्रापाल सर निकलस बेकन याने १५६३ ते १५६८ या काळात गोरॅमबरी येथे नवा प्रासाद बांधला. त्यानेच १५७० मध्ये राणीकडून शाळेला एक सनद मिळवून दिली. नगरात मद्यविक्रीचे परवाने देण्याचा अधिकार त्या सनदेने शाळेकडे आला व परवान्यांचे उत्पन्न गुरुजींच्या वेतनाकडे लागले. तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन हा याच निकलसचा पुत्र. 'शाळा स्थापणे' याचा अर्थ इमारत बांधणे असा नव्हता. गुरूच्या वेतनाची शाश्वत तजवीज करणे, हा त्याचा अर्थ होता. मग ते उत्पन्न जमिनीचे असो वा मद्याचे.

परगण्यातील इतर शाळांची कथा याहून फारशी भिन्न नाही. बर्कॅमस्टेडची शाळा लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन जॉन इन्सेंट याने १५४१ मध्ये स्थापिली. ऑल्डनमची शाळा १५९७ मध्ये रिचर्ड प्लॅट या मद्य गाळणाऱ्या व्यापाऱ्याने स्थापून ती आपल्या धंद्याच्या श्रेणीकडे, म्हणजे ब्रूअर्स कंपनीकडे सोपविली. अशा शाळांना 'ग्रामर स्कूल' म्हणत. येथे 'ग्रामर' म्हणजे लॅटिनचे व्याकरण. इंग्रजीचे व्याकरण शिकविण्याची कल्पनाही त्या वेळी रूढ नव्हती. 'पब्लिक स्कूल' या संज्ञेचाही आपल्याकडे नेहमी घोटाळा होतो. खाजगी शिक्षकाकडे घरी शिकण्याच्या उलट, कोणत्याही गावच्या मुलाला खुली असलेली शाळा ती 'पब्लिक'. ती सरकारी आहे किंवा विनाशुल्क आहे असा अर्थ त्यात नाही.

घरी शिकण्याची रीत कशी होती हे हॅटफील्ड येथे दिसते. ईलीच्या बिशपांचा येथील प्रासाद पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन मॉर्टन याने बांधविला. हेन्रीने तो घेतला आणि त्याची मुले तेथे वाढली. एलिझाबेथला रॉजर अ‍ॅस्कम याने ग्रीक व लॅटिन शिकविले ते हर्टफर्डशायरातील अशाच प्रासादांत, आणि १५५८ मध्ये राज्यप्राप्तीची वार्ताही तिला हॅटफील्ड येथेच कळली. १६०७ मध्ये पहिल्या जेम्स राजाने हे ठिकाण रॉबर्ट सेसिल याला देऊन त्याच्याकडून याच परगण्यातील थिओबाल्ड्स हा प्रासाद बदली घेतला. सेसिलने जुन्या प्रासादाचा बराच भाग पाडून १६११ पर्यंत नवे हॅटफील्ड हाउस उभारले. ते आजही त्याच घराण्याकडे आहे.

५. हेलीबरी आणि पुणे

ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात पाठवावयाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांसाठी १८०६ मध्ये हर्टफर्डच्या किल्ल्यात एक विद्यालय काढले. १८०९ मध्ये ते जवळच्या हेलीबरी येथे विल्यम विल्किन्स याने रचलेल्या नव्या वास्तूत गेले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला या विद्यालयाचे नाव परके नसावे. येथील अलेक्झांडर हॅमिल्टन हा युरोपात संस्कृतचे अध्यापकपद भूषविणारा पहिला पंडित होय. मुंबईत जन्मलेला मोनिअर विल्यम्स १८४४ पासून विद्यालय बंद होईपर्यंत येथे शिकवीत होता; त्याने संपादिलेले 'शाकुंतल' १८५३ मध्ये हर्टफर्ड येथील स्टीफन ऑस्टिन यांच्या मुद्रणालयातून निघाले. मराठीसह सात आधुनिक आर्यभाषांचे तौलनिक व्याकरण लिहिणारा जॉन बीम्स हा येथील अखेरच्या विद्यार्थ्यांपैकी एक.

परंतु या विद्यालयाचा आपल्या प्रदेशावर झालेला सर्वांत खोल परिणाम भाषेच्या वर्गातून नव्हे, तर अर्थशास्त्राच्या वर्गातून झाला. तेथील इतिहास व अर्थशास्त्र यांचे अध्यापकपद १८३४ पर्यंत टॉमस माल्थसकडे होते. 'रेंट', म्हणजे जमिनीच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च व भांडवलावरील नफा वजा जाता उरणारा आणि धन्याला मिळणारा भाग, हा सिद्धान्त तो व रिकार्डो यांनी मांडला होता. या सिद्धान्तामागे जमिनीचा धनी, भांडवल घालून जमीन कसणारा शेतकरी आणि रोजंदारीचा मजूर असे तीन निरनिराळे वर्ग गृहीत होते. हर्टफर्डशायरात ते डोळ्यांपुढे दिसत. मॅनरच्या दीर्घ इतिहासातूनच ते निर्माण झाले होते.

माल्थसचा शिष्य आर. के. प्रिंगल मुंबई इलाख्यात आला. १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात नवी आकारणी करताना त्याने हा सिद्धान्त जसाच्या तसा लावला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढावे, खर्च वजा करावा आणि निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावे, अशी ती योजना होती. येथील कुणबी मात्र स्वतःच धनी, स्वतःच भांडवलदार आणि स्वतःच मजूर होता. त्याच्या घरच्या माणसांच्या कष्टाचे मोल रुपयांत मांडणे म्हणजे केवळ अंदाज बांधणे होते. मोजणीत लाचलुचपत झाली, आकार डोईजड झाला, थकबाकी वाढली, जमिनी ओस पडल्या. अखेर ती आकारणी सोडून द्यावी लागली आणि १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांची तीस वर्षांच्या मुदतीची नवी पद्धत सुरू झाली.

या अपयशाची कारणे अनेक आहेत. पण त्यांतील एक कारण शुद्ध भाषिक आहे. मराठीत कूळ धन्याला देते तो 'खंड' आणि जमीनधारक सरकारात भरतो तो 'सारा'. हे दोन शब्द दोन निरनिराळे संबंध दर्शवितात. मिरासदार सारा भरी, खंड नव्हे. तो कोणाचेही कूळ नव्हता. हेलीबरीच्या सिद्धान्ताने सरकारला धनी कल्पिले, रयतेला कूळ कल्पिले आणि साऱ्याला 'रेंट' म्हटले. एक शब्द दोन संबंधांवर पांघरला गेला आणि त्यांतील भेद हिशेबातून नाहीसा झाला. हा दोष दाखविणारा लेखकही पुढे हेलीबरीलाच आला. रिचर्ड जोन्स याने १८३१ च्या आपल्या ग्रंथात रयतेच्या देण्याचा स्वतंत्र वर्ग कल्पून रिकार्डोचे विवेचन त्याला लागू पडत नाही असे प्रतिपादिले, आणि माल्थसच्या मृत्यूनंतर त्याचीच जागा जोन्सला मिळाली.

कंपनीचे हे विद्यालय १८५८ मध्ये बंद झाले आणि १८६२ मध्ये त्याच वास्तूत हेलीबरीची सध्याची शाळा सुरू झाली. तथापि परगण्याचा हिंदुस्थानशी असलेला संबंध तुटला नाही. १८७६ ते १८७८ या दुष्काळाच्या काळात भारतमंत्री लॉर्ड सॉल्झबरी हा हॅटफील्डचा धनी होता, तर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन हा नेबवर्थचा. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा १८७८ चा कायदा लिटनच्याच कारकिर्दीतला. उलटपक्षी १९४७ मध्ये सत्तांतर घडवून आणणारा पंतप्रधान क्लेमंट अ‍ॅटली हा हेलीबरीच्या नव्या शाळेचा विद्यार्थी होता.

६. हक्क गेले, शब्द उरला

१९२२ च्या मालमत्ताविषयक कायद्याने कॉपीहोल्डची पद्धत रद्द ठरविली आणि १ जानेवारी १९२६ पासून ती संपुष्टात आली. मॅनर हा शब्द त्या दिवशी आपल्या बहुतेक अर्थाला मुकला. आपल्याकडे १९५० च्या मुंबई परगणा व कुळकर्णी वतने निर्मूलन कायद्यानंतर 'वतनदार' हा शब्द जसा आडनावापुरता व वाक्प्रचारापुरता उरला, तशीच ही गत होय. हक्क गेल्यावर धन्यांना मोठ्या वास्तूंचा भार पेलवेना. मृत्युकर, महायुद्धे आणि नोकरांची टंचाई यांनी त्यात भर घातली. काही वास्तू पाडल्या गेल्या; पुष्कळ शाळांनी घेतल्या. गिब्ज घराण्याच्या ऑल्डनम हाउसच्या आवारात १९६१ मध्ये लंडनहून हॅबरडॅशर्स अ‍ॅस्क्स शाळा आली. बीचवुड पार्क हे प्रथम भिक्षुणींचे मठस्थान, मग सरदारघराणे आणि १९६४ पासून शाळा. रॉथ्सचाइल्ड कुटुंबाच्या ट्रिंग पार्कमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर नृत्यनाट्याचे शिक्षण देणारी शाळा स्थिरावली. याच काळात परगण्याच्या शिक्षणखात्याने करांच्या पैशांतून कारखान्यात तयार केलेल्या भागांच्या हलक्या, उजेडाच्या नव्या शाळा झपाट्याने उभारल्या. त्यांना कोणा धन्याची सनद लागली नाही.

येथे एक व्युत्पत्तिविषयक योगायोग नोंदविणे अवश्य आहे. 'स्कूल' हा शब्द ग्रीक 'स्खोले' म्हणजे 'फुरसत' यापासून आला. राबण्यातून मोकळीक असलेल्यांचा तो उद्योग. मॅनरच्या मुख्य दालनाला मात्र 'हॉल' म्हणत, आणि 'हॉल' हा शब्द व संस्कृत 'शाला' हे दोन्ही 'झाकणे' या अर्थाच्या एकाच मुळापासून आले असावेत असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. तसे असल्यास आपल्या 'शाळे'चा इंग्रजी भाषेतील सगोत्र शब्द 'स्कूल' नसून 'हॉल' हा होय. धन्याच्या हॉलमध्ये शाळा भरू लागली तेव्हा शब्दांच्या दोन दूरच्या शाखा नकळत एकत्र आल्या.

शब्दाच्या रित्या झालेल्या घरात नवा अर्थ कसा राहावयास येतो याचे शेवटचे उदाहरण लेचमोर हीथ येथील पिगट्स मॅनरचे आहे. ही वास्तू १९७३ मध्ये संगीतकार जॉर्ज हॅरिसन याने कृष्णभक्तांना दिली. ती आता 'भक्तिवेदान्त मॅनर' या नावाने ओळखली जाते. तेथे कृष्णमंदिर आहे, गोशाळा आहे आणि जन्माष्टमीला सहस्रावधी लोक येतात. 'मॅनर' हे पद नावात कायम आहे. न्यायसभा, वेठ आणि गिरणीचा हक्क मात्र कोणाच्या स्मरणातही नाही.

या विवेचनावरून भाषांतरासाठी एक साधा नियम सुचविता येतो. १९२६ पूर्वीच्या कायदेविषयक वा महसुली लेखात 'मॅनर' आल्यास तो शब्द तसाच ठेवावा आणि प्रथम उल्लेखाच्या वेळी तो हक्कसमुच्चय असल्याचे सांगावे. वास्तुशिल्पाचे वर्णन असेल तर 'वाडा' किंवा 'प्रासाद' चालेल. केवळ विशेषनामात आल्यास त्याचे भाषांतर करूच नये. 'स्कूल स्थापिले' असे वाक्य आल्यास प्रथम उत्पन्न कोठून आले हे पाहावे, मग इमारत. आणि 'रेंट' हा शब्द आल्यास, तो देणारा कोण व घेणारा कोण हे ठरविल्याशिवाय 'खंड' किंवा 'सारा' यांपैकी कोणताही शब्द लिहू नये. प्रिंगलच्या कारकुनांना ही सवड मिळाली नव्हती. आपल्याला ती आहे.